खिळे काढून घेतलेल्या नावा

मिटिंग संपत आली होती. साहेबांनी लॅपटॉप मिटला, दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि म्हणाले, "तर मंडळी, बर्न द बोट्स! सोमवारपासून जुनी सिस्टिम बंद. नावा जाळल्या असं समजा. आता मागे फिरणं नाही."

कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "निदान महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवल्या तर?" साहेब हसले. "हीच ती नाव," ते म्हणाले, "हीच तर जाळायची आहे."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वर ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. नोकरीत नवं असताना माणसाला असल्या वाक्यांची भूकच असते.

सोमवारी नवी सिस्टिम सुरू झाली, बुधवारी कोसळली, आणि पुढचे चार महिने आम्ही जुन्या नोंदी छापील कागदांवरून बघून हाताने भरत बसलो. साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत रुजू झाले होते. मागाहून कळलं, त्या मिटिंगच्या दिवशी तिकडचं बोलणं जवळजवळ पक्कं झालेलं होतं. आमच्या नावांना काडी लागत होती तेव्हा त्यांची स्वतःची होडी झुडपाआड बांधून ठेवलेली होती, वल्ह्यांसकट.

राग ओसरून आता बरीच वर्षं झाली. पण त्या चार महिन्यांनी एक खोड लावली. हा वाक्प्रचार कुणाच्या तोंडून आला की मी बोलणाऱ्याकडे न बघता त्याच्यामागे बसलेल्यांकडे बघते. नावा बहुतेक त्यांच्या असतात.

मराठीत या विषयावर लिहायला बसलं की आधी एक गंमत आडवी येते. 'त्याने नाव जाळली' आणि 'त्याने नाव काढलं' या वाक्यांतले दोन वेगळे 'नाव' आपल्याकडे फक्त लिंगाच्या फरकाने शेजारी नांदतात. इंग्रजीला ही मजा नाही. आणि गंमत नुसती शब्दांचीही नाही, कारण नाव काढण्यासाठी नाव जाळलेल्यांचीच ही सगळी कहाणी आहे. कुणाची नाव जाळून कुणाचं नाव झालं, एवढंच काय ते बघायचं.

'बर्न युअर बोट्स' म्हणजे परतीचा मार्ग आपल्याच हाताने बंद करून एखाद्या गोष्टीत उडी घेणं. नोकरी सोडून धंदा काढला, घर विकून दुसऱ्या देशात गेलो, सगळ्यांदेखत 'मी हे करणारच' असं बोलून बसलो, की झाल्या नावा जाळून. यात नुसता धोका पत्करणं नाही. घोड्यावर पैसे लावणाराही धोका पत्करतो, पण हरला की चालत घरी जातो. इथे घरी जायचा रस्ताच पेटवून द्यायचा असतो, आणि तोही अशासाठी की पुढे कधी आपलीच हिंमत खचली तर आपल्याला पळता येऊ नये. आजच्या मी उद्याच्या मीवर दाखवलेला हा अविश्वास आहे. मला ही बाजू खरंच विचार करण्यासारखी वाटते. वाक्प्रचार शौर्याचा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या पोटात भीती आहे: आपण पळू, ही.

याची गोष्ट सांगताना बहुतेक लोक एर्नान कोर्तेसपासून सुरुवात करतात. १५१९ साली हा स्पॅनिश गृहस्थ ११ जहाजं आणि पाचशेच्या आसपास सैनिक घेऊन क्युबाहून निघाला, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, त्याने जहाजं पेटवली आणि सैनिकांना सांगितलं, आता जिंका नाहीतर मरा. भाषणात ही गोष्ट फार छान वाजते. आमच्या साहेबांनीही एकदा ती प्रोजेक्टरवर दाखवली होती, ज्वाळांच्या चित्रासह.

मुळात ज्वाळाच नव्हत्या. कोर्तेसने राजाला पाठवलेल्या पत्रात स्वतः लिहिलं आहे की जहाजं समुद्रात नेण्याच्या लायकीची राहिलेली नाहीत असं निमित्त करून आपण ती किनाऱ्यावर चढवली. म्हणजे जहाजं मोडीत काढली, आणि तीही 'आता ती कामाची नाहीत' अशी थाप मारून. अग्निकांड नंतरच्या लोकांनी घातलं. त्यांचा तरी काय दोष, मोडीत काढण्यावर भाषण होत नाही.

त्याने हे का केलं, ते अधिक बघण्यासारखं आहे. कोर्तेस क्युबाहून निघाला तोच तिथला गव्हर्नर दिएगो वेलास्केस याचा हुकूम धाब्यावर बसवून. गव्हर्नरला त्याचा संशय आला होता आणि तो मोहीम त्याच्याकडून काढून घेणार होता. परत गेला असता तर कोर्तेसपुढे बेड्या होत्या. म्हणजे त्याचा स्वतःचा परतीचा रस्ता निघतानाच बंद झालेला होता. उघडा होता तो इतरांचा. त्याच्या माणसांत गव्हर्नरच्या बाजूचे बरेच जण होते, कुणाची क्युबात जमीन होती, कुणाचं घरदार होतं. त्यांतल्या काहींनी एक जहाज घेऊन गुपचूप परतायचा बेत केला. तो फुटला, आणि कोर्तेसने दोघांना फासावर चढवलं. जहाजं किनाऱ्याला लागली ती त्यानंतर. ज्याला परत जायचं नव्हतं त्याने, ज्यांना परत जायचं होतं त्यांच्या नावा मोडल्या. शिवाय रिकामे झालेले शंभरेक खलाशी पायदळात आयते मिळाले.

माझ्या डोक्यातून जात नाही ते मात्र पुढचंच. जहाजं मोडण्यापूर्वी त्यांच्यावरचे नांगर, शिडं, दोरखंड, उपयोगी पडेल ते सगळं उतरवून घेण्यात आलं होतं. या मोहिमेत स्वतः सैनिक असलेल्या बेर्नाल दियास देल कास्तियोने म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात हे आहे. हे सामान किनाऱ्यावरच्या वस्तीत जपून ठेवलं गेलं. पुढे तेनोच्तित्लान या अ‍ॅझ्टेकांच्या तळ्यातल्या शहराला वेढा घालायची वेळ आली तेव्हा मार्तीन लोपेस नावाच्या सुताराच्या हाताखाली १३ छोटी लढाऊ जहाजं बांधली गेली. लाकूड त्लाश्कालाच्या जंगलातलं, डोंगर ओलांडून ते पाठीवर वाहून नेणारे हमाल हजारोंनी तिथलेच, आणि लोखंड, खिळे, शिडं, दोर त्या 'जाळलेल्या' जहाजांचे. १३ ऑगस्ट १५२१ ला शहर पडलं. त्यात देवी रोगाच्या साथीचा वाटा होता, कोर्तेसच्या बाजूने लढणाऱ्या त्लाश्कालाच्या हजारो योद्ध्यांचा होता, आणि त्या १३ जहाजांचाही होता. नावा जाळून टाकल्या म्हणून जगभर ओळखला जाणारा हा माणूस खरं तर खिळे मोजून ठेवणारा होता!

आणखी दोन गोष्टी राहिल्या. जहाजं मोडण्याआधी त्यांतलं एक त्याने सोनंनाणं आणि पत्रं देऊन थेट स्पेनच्या राजाकडे रवाना केलं होतं, म्हणजे गव्हर्नरच्या डोक्यावरून वर वशिला लावला होता. याला परतीचा रस्ता बंद करणं म्हणत नाहीत, नवा रस्ता काढणं म्हणतात. दुसरी गोष्ट अशी की या सगळ्या प्रकरणात एकदा खरोखरच नावा जळल्या. तळ्यात वापरण्यासाठी कोर्तेसने आधी चार जहाजं बांधून घेतली होती. १५२० साली शहर उठलं तेव्हा तिथल्या लोकांनी ती चारही पेटवून दिली. तो प्रसंग प्रोजेक्टरवर कुणी दाखवत नाही.

कोर्तेसच्या कितीतरी आधी अगाथोक्लीज झाला. सिरॅक्यूजचा हा हुकूमशहा इसवीसनपूर्व ३१० मध्ये कार्थेजशी लढायला ६० जहाजं घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. त्याने मात्र खरोखर जाळली. प्राचीन ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो की डिमीटर देवी आणि तिच्या मुलीला बोललेला नवस फेडायचा म्हणून जहाजांचीच मशाल करायची, असं सैन्याला सांगण्यात आलं, आणि अगाथोक्लीजने पहिली मशाल स्वतः लावली. सैनिक आधी जोशात आले. ज्वाळा चढल्या तशी एकेकाला घराची आठवण होऊ लागली. काही काळ विजय मिळाले. मग दिवस फिरले. इसवीसनपूर्व ३०७ मध्ये सगळं हातचं जातंय असं दिसताच हा मशालवाला सैन्याला न सांगता जहाजात बसून निघून गेला. दोन मुलगे मागे राहिले. चिडलेल्या सैनिकांनी त्यांना मारलं आणि कार्थेजशी तह करून टाकला.

बाराशे शब्दांत कुणी मला 'बर्न द बोट्स' शिकवायला आलं, तर मी त्याला या एका माणसाचं उत्तरार्धातलं चरित्र वाचायला देईन. स्वतः जाळलेल्या नावांच्या किनाऱ्यावरून नावेत बसून पळालेला माणूस.

रोमन सम्राट ज्युलियनचं थोडक्यात सांगते, कारण ती गोष्ट वाचताना नुसतं वाईट वाटतं. इसवीसन ३६३ मध्ये टायग्रिस नदीकाठी त्याने आपला प्रचंड ताफा जाळायचा हुकूम दिला, पूल बांधायला म्हणून १२ लहान नावा तेवढ्या वगळल्या. सैन्यात कुजबुज सुरू झाली, त्याच्या लक्षात चूक आली, 'विझवा' असा हुकूम सुटला. वाचल्या त्या बाराच. काही आठवड्यांत तो लढाईत मरण पावला. 'विझवा' हा शब्द वाक्प्रचारात आला नाही.

आपल्या भाषेला या कामासाठी नावा लागल्या नाहीत, दोर पुरला. 'परतीचे दोर कापले' हे मराठी माणूस सहज बोलतो, आणि बोलताना त्याला सिंहगडाचा कडा दिसतो. फेब्रुवारी १६७० ची रात्र, तानाजी पडलेला, नेता गेल्याने मावळे आल्या वाटेने दोरांकडे धावताहेत, आणि सूर्याजी त्यांच्यापुढे उभा. दोर कापलेत, आता लढा नाहीतर कड्यावरून उड्या टाका. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात सूर्याजी पळणाऱ्यांना दोर तोडले गेल्याचं सांगतो. कापले की नुसतं तसं सांगितलं, यावर मी वाद घालणार नाही. मला यात वेगळंच काही दिसतं. सूर्याजी कापलेल्या दोराच्या त्याच बाजूला उभा होता, ज्या बाजूला बाकीचे होते. त्याला खाली उतरायला वेगळी शिडी नव्हती. शिवाय मोहीम आखताना दोर कापायचं कुणी ठरवलं नव्हतं. दोर उतरण्यासाठीही होतेच. कापायची पाळी आली ती शेवटच्या घटकेला, भाऊ समोर पडलेला असताना.

आमच्या मिटिंगमध्ये साहेबांच्या तोंडून 'बोट्स' ऐवजी 'दोर' आला असता तर कदाचित कुणीतरी विचारलं असतं, साहेब, तुम्ही कड्याच्या कुठल्या बाजूला?

तसं मराठीचं या बाबतीत एकमत नाहीच. एकीकडे दोर कापणाऱ्याची पोवाड्यातून वाहवा. दुसरीकडे 'घर जाळून कोळशाचा व्यापार' म्हणत त्याचीच टर उडवायची. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याला आपण घालूनपाडून बोलतो, आणि एकच डगर धरून पडलेल्याला 'तेलही गेलं तूपही गेलं' ऐकवतो. भाषेला हे शोभतं. तिने प्रत्येक निकालासाठी एक म्हण तयार ठेवलेली असते, निकाल लागल्यावर योग्य ती काढायची. 'धाडस' आणि 'आततायीपणा' या दोन शब्दांतही पुष्कळदा फक्त निकालाचं अंतर असतं.

इंग्रजीत नावांचं भावंड म्हणजे पूल. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत बोट्स, अमेरिकन वळणाच्या इंग्रजीत ब्रिजेस. दोन्हींचा मूळ अर्थ एकच होता, परतीची सोय संपवणं. पण वापरता वापरता पुलाची वाट वेगळी झाली. आज 'डोन्ट बर्न युअर ब्रिजेस' असा सल्ला मिळाला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'जाताना भांडून जाऊ नकोस' एवढाच असतो. राजीनामा देताना, नातं तोडताना, ग्रुप सोडताना. नाव जाळणारा हिंमतवान, पूल जाळणारा तोंडाळ. आग तीच. नाव आपली असते म्हणून असेल, आणि पुलाचं दुसरं टोक दुसऱ्याच्या अंगणात असतं म्हणून.

हा फरक मला माझ्याच राजीनाम्याने शिकवला.

काही वर्षांनी मी ती नोकरी सोडायचं ठरवलं. भाषांतराचं काम स्वतंत्रपणे करायचं होतं. रात्री अकराला ईमेल लिहायला बसले. पहिला परिच्छेद सभ्य होता. दुसरा परिच्छेद चार महिने हाताने भरलेल्या नोंदींबद्दल होता, आणि खरं सांगते, गेल्या कित्येक वर्षांत मी लिहिलेलं ते सर्वांत प्रवाही गद्य होतं. त्यात कोर्तेसही होता. पाठवण्याआधी बाबांना फोन लावून वाचून दाखवलं. कौतुकाची अपेक्षा होती.

बाबा ऐकून घेत गप्प राहिले. मग म्हणाले, "छान लिहिलंयस. कोण वाचणार?"

"मॅनेजर. आणि एचआर."

"ज्याच्यावर रागावली आहेस तो?"

"तो कधीच गेला, बाबा."

"मग जे वाचणार त्यांचा काय गुन्हा?"

मी काही बोलले नाही.

"दोर काप," ते म्हणाले, "तुझा आहे, तू काप. फक्त खाली किती खोल आहे ते आधी वाकून बघ. आणि कापलेला दोर टाकून देऊ नकोस, गुंडाळून खांद्यावर घे."

बाबांनी कोर्तेस वाचलेला नव्हता. कापलेला दोरही दोरच असतो हे त्यांना न वाचता ठाऊक होतं. मी दुसरा परिच्छेद कापून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवला (ती अजून आहे, कधी कधी उघडून वाचते, अजून आवडते) आणि चार ओळींचं पत्र पाठवलं. मॅनेजरबाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि विचारलं, बाहेर राहून आमचं थोडं काम करशील का? वर्षभर केलं. त्या वर्षात वेळेवर येणारे पैसे तेवढेच होते. बाकीच्यांचे 'पुढच्या आठवड्यात' येत राहिले.

म्हणजे मी दोन्ही डगरींवर हात ठेवून नदी ओलांडली. ही गोष्ट सांगताना मला अजूनही थोडं चोरट्यासारखं होतं. लोक विचारतात, "नोकरी सोडलीस? एकदम?" आणि त्यांच्या डोळ्यांत ती ज्वाळा दिसते. 'हो' म्हणायचा मोह होतो. दोनचारदा म्हटलंयही.

पुढे वाचताना एक अभ्यास सापडला आणि जिवात जीव आला. जोसेफ राफी आणि जी फेंग या दोन संशोधकांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या लोकांच्या नोंदी बघून त्यांनी तपासलं की नोकरी एका फटक्यात सोडून धंद्यात उतरलेले आणि नोकरी सांभाळत आधी धंदा लावून मग तो पूर्णवेळ करणारे, यांत कोण टिकतं. दुसऱ्या गटातल्यांचा धंदा बुडण्याची शक्यता ३३ टक्क्यांनी कमी निघाली. या दुसऱ्या गटावर कुणी भाषण देत नाही. 'त्याने दोन वर्षं संध्याकाळी सात ते दहा काम केलं' या वाक्यावर टाळ्या कुठे घ्यायच्या?

पण नावा जाळणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असंही नाही. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन यांनी २०१६ मध्ये काही प्रयोग मांडले. लोकांना एक काम द्यायचं, आणि त्यातल्या काहींना आधी विचार करायला लावायचा की हे नाही जमलं तर दुसरं काय करता येईल. नुसता पर्यायाचा विचार केलेल्यांची ध्येयाची ओढ कमी झाली आणि काम उणं पडलं. पर्याय हातात नव्हता, फक्त मनात होता, तरी. हे वाचून साहेबांची आठवण झाली. त्यांचा युक्तिवाद थोडासा खरा होता म्हणायचा! ते निबर वाक्य आणि हे संशोधन यांच्यात फरक एवढाच की संशोधनातल्या माणसांनी स्वतःच्याच पर्यायाचा विचार केला होता, दुसऱ्याच्या नव्हे.

मग मला काय वाटतं? मला वाटतं की कामानुसार ठरतं, आणि हे उत्तर कंटाळवाणं आहे हे मला माहीत आहे. ज्या कामात जोर लावण्यानेच निकाल ठरतो, परीक्षा, शर्यत, सिगारेट सोडणं, तिथे मागचं दार बंद करणं कामी येतं. सिगारेट सोडणाऱ्याने एक पाकीट 'असू दे' म्हणून ठेवलं की झालंच. पण जिथे निकाल गिऱ्हाइकाच्या मनावर, बाजारावर, पावसापाण्यावर किंवा आजारावर ठरतो, तिथे माझी नाव जळली आहे की नाही याचं त्या पावसाला काय?

एक वेगळा उपयोग थॉमस शेलिंगने दाखवला. १९६० सालच्या पुस्तकात त्याने सौदेबाजी आणि संघर्षाचा विचार मांडला, पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्याच्या विचारात मागचा पूल जाळणं हे आपल्या सैनिकांसाठी जितकं असतं तितकंच समोरच्या शत्रूसाठी असतं. हा आता हटूच शकत नाही, हे त्याला दिसलं की तो आपलं गणित बदलतो. इथे आग दिसणं महत्त्वाचं. गुपचूप जाळलेला पूल काही कामाचा नाही. घासाघीस करताना 'याच्या खाली मला परवडतच नाही' म्हणणारा प्रत्येक जण एक छोटासा पूल जाळून दाखवत असतो. बहुतेकदा तो कागदाचा असतो, हे सोडा.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट लोक मला वारंवार सांगतात, आम्ही मैत्रिणी आहोत हे माहीत नसताना. सगळं सोडून गेली, मागे वळून पाहिलं नाही, नावा जाळल्या आणि बघा आज कुठे आहे. एकदा मी तिला हे सांगितलं. ती खूप हसली.

"नावा?" ती म्हणाली. "अगं, मला नाव होती कुठे? मी पोहत होते. किनारा कुठला दिसेल तो धरायचा होता. लोकांनी नंतर मागे बघितलं, नाव दिसली नाही, त्यांना वाटलं जाळली."

यानंतर मी यशोगाथा वाचताना मागच्या पाण्याकडे बघायला लागले. काहींच्या मागे राख खरंच असते. काहींच्या मागे नुसतं पाणी असतं, कारण त्यांच्याकडे कधीच काही नव्हतं. आणि काहींच्या मागे, जरा लांब, वडिलांचं गलबत नांगर टाकून उभं असतं. त्याच्यावरून सोडलेली छोटी होडी यांनी जाळली आणि मुलाखत दिली.

चिनी भाषेत याच अर्थाचा चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे: 'भांडी फोडा, नावा बुडवा'. तो श्यांग यूचा. इसवीसनपूर्व २०७ मध्ये छिन सैन्याशी लढायला हा तरुण सेनापती झांग नदी ओलांडून गेला. पलीकडे पोचताच नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, राहुट्या जाळल्या, आणि प्रत्येकाकडे तीन दिवसांची शिदोरी ठेवली. भांड्यांचा तपशील मला फार खरा वाटतो. परत कसं जायचं हा विचार माणसाला रोज येत नाही, जेवायचं काय हा रोज येतो. लढाई त्याने जिंकली, आणि तीही अशी की वाक्प्रचार आजही शाळेतल्या मुलांना येतो.

पाच वर्षांनी तोच श्यांग यू हरून पळत होता. सिमा छ्येनच्या इतिहासात त्याचा शेवट लिहिला आहे. मूठभर माणसांनिशी तो यांगत्से नदीच्या काठी आला. तिथे घाटाचा एक अधिकारी नाव लावून त्याची वाटच बघत उभा होता. तो म्हणाला, महाराज, पलीकडचा मुलूख लहान आहे, पण राज्य करायला पुरेल. लवकर बसा. या काठावर माझ्या एकट्याकडेच नाव आहे, मागून येणाऱ्यांना पार होता यायचं नाही.

नाव होती, रिकामी होती, नावाडी राजी होता. श्यांग यू हसला. म्हणाला, आठ हजार पोरं घेऊन मी ही नदी ओलांडून आलो होतो, त्यांतला एकही परत चाललेला नाही. त्यांच्या आईबापांनी दया दाखवून मला राजा केलं, तरी त्यांना कोणत्या तोंडाने भेटू?

पाच वर्षं ज्याच्यावर बसून लढला तो घोडा मारवेना, म्हणून त्याने तो नावाड्याला देऊन टाकला. आपल्या माणसांना घोड्यांवरून उतरायला सांगितलं. आणि नदीकडे पाठ करून पायी मागे फिरला.